पुण्याहून सांगलीला कायमचं शिफ्ट व्हायचंय, राहणाऱ्यांनी खरं खरं सांगा

वाकडकर_सध्यातरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, आज लिहितोच. आम्ही तिघं आणि माझी आई, वाकडला राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपनीने आता महिन्यातून चार-पाच दिवस ऑफिसला या बाकी घरून करा असं लेखी दिलंय. मुलगी चौथीत. बायकोचं माहेर तासगावजवळ, त्यामुळे सांगली मला माहीत आहे ती फक्त सुट्टीतली, म्हणजे गणपती मंदिर, भडंग, सासऱ्यांच्या शेडवर वाळणारा बेदाणा, आणि परतीची गाडी. राहायचं म्हणजे वेगळं असतं हे कळतंय म्हणून विचारतोय.

मागच्या पावसाळ्यात आईच्या रात्री छातीत दुखायला लागलं, सहा किलोमीटरवरच्या हॉस्पिटलला पोचायला पाऊण तास लागला. काही गंभीर निघालं नाही देवाच्या कृपेने, पण त्या पाऊण तासात गाडीत बसून जे वाटलं ते अजून जात नाही. त्यात मुलीची शाळेची बस सकाळी साडेसहाला, ती घरी येते चारला, खाली खेळायला जागा नाही, टँकरचं पाणी, मेंटेनन्स, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच.

तर पुराचं नक्की काय आहे (यूट्यूब उघडलं की २०१९ चे व्हिडिओ येतात आणि आई घाबरते), राहायला कुठला भाग बघावा, दवाखान्यांची सोय, नेट, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तिथले लोक आपलं म्हणतात का, जे जमेल ते सांगा. गोड गोड नको, जे आहे ते सांगा.

कृष्णाकाठचा

दादा, पुराचं आधी बोलू. बाकीचं काही चुकलं तर नंतर निस्तरता येतंय, घराची जागा चुकली तर नाही.

मी गावभागातला, जन्म इथलाच. आमच्या घरात २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलावर फुटात मोजतात. पूल १९२९ चा. ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठला की चहाच्या आधी विचारतो, पुलाला किती झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या आळीत आदल्या पुराच्या खुणा भिंतीवर होत्या त्यामुळं आम्ही सामान त्याच्या हातभर वर ठेवलं आणि निवांत झालो, पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. वडिलांची पन्नास वर्षांची पुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ आणि बाहेर पेठेत भिजलेल्या धान्याचा जो कुजका वास होता तो मी आयुष्यात विसरणार नाही.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. सांगलीत पाऊस झाला म्हणून सांगलीला पूर येत नाही, इथं मुळात पाऊस कमीच. पाणी येतंय वरनं, महाबळेश्वर, कोयना, वारणा ह्या पट्ट्यातनं. इथं लख्ख ऊन पडलेलं असतंय, कपडे वाळत घातलेले असतात, आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडत असतात. आणि खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, ती भरून वाहायला लागली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा येतो आणि पाणी गावात पसरतंय. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद वेगळाच, त्याच्यावर इथं रोज भांडणं होतात, ते असू दे. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे पाणी हळूहळू चढतंय, अंदाज घ्यायला वेळ मिळतोय, फक्त तो वेळ वाया घालवायचा नाही. आम्ही घालवला होता.

आता भाग. कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, सांगलीवाडी ह्या बाजूला स्वस्त आहे म्हणून जाऊ नका. विश्रामबाग, वारणाली, विजयनगर, कुपवाडकडचा भाग उंचावर आहे. कलेक्टर ऑफिस, कोर्ट पण आता विजयनगरला गेलंय, त्यामुळं तिकडं वस्ती वाढायलीय. पण नुसतं भागाचं नाव ऐकून घर घेऊ नका. पाटबंधारे खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळीच्या आत बांधकामाला मनाई, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येईल असं धरलेल्या पुराची. नकाशावर तुमचा प्लॉट कुठं येतोय ते स्वतः बघा, आणि त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. बिल्डरला विचारू नका.

अजून एक, तुमचं घर कोरडं राहिलं तरी पुरात नळाला पाणी येत नाही कारण नदीवरची पाणी उपसायची यंत्रणाच पाण्याखाली जाते. आणि तुमच्या घरी माणसं येतील. विश्रामबागला ज्याचं घर आहे त्याच्याकडं पुरात दहा-पंधरा जण राहायला असतात, नात्यातले, ऑफिसमधले, कुणीही. २०१९ ला आम्ही सहा जण बायकोच्या बँकेतल्या एका मॅडमच्या घरी अकरा दिवस राहिलो, त्याच्या आधी मी त्यांना दोनदा भेटलो असेन. त्यांनी एक शब्द विचारला नाही. आज त्यांच्या घरचं कार्य आमच्या घरचं कार्य असतंय. तुम्ही विचारलं ना लोक आपलं म्हणतात का, तर मला हे आठवलं.

मिरजेची_सून

आईंच्या तब्येतीचं वाचलं म्हणून लिहितेय. मी मूळची डोंबिवलीची, लग्न होऊन मिरजेला आले त्याला अकरा वर्षं झाली, फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखान्यांच्या बाबतीत तुम्ही अजिबात काळजी करू नका. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, वानलेस हॉस्पिटल १८९४ चं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, आणि त्यांच्या भोवती इतके डॉक्टर वसलेत की कर्नाटकातून सुद्धा रोज पेशंट येतात. माझ्या निम्म्या पेशंटशी मी मोडक्यातोडक्या कानडीत बोलते, आधी एक अक्षर येत नव्हतं. विश्रामबागेतून मिरजेतल्या हॉस्पिटलला रात्रीचं दहा-पंधरा मिनिटांत पोचाल. अँजिओप्लास्टी, बायपास सगळं होतं इथं. अगदीच दुर्मिळ काही असलं तर पुणे-मुंबईला पाठवतात, तेवढं धरून चला.

मात्र पहिली दोन वर्षं मला जड गेली, खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते. कुणालाही भेटलं की पहिला प्रश्न, कुठल्या गावच्या? मग आडनाव, मग माहेर, मग ह्यांचं कोण तिथं आहे का. डोंबिवलीत शेजारच्याचं नाव माहीत नसायचं आणि इथं मी दुपारी रिक्षातून कुठे उतरले ते संध्याकाळी सासूबाईंना माहीत असायचं. मला तो पहारा वाटायचा. दार लावून बसायचे. मग धाकट्याच्या वेळी मला आठव्या महिन्यात बेडरेस्ट सांगितली आणि ह्यांची नोकरी फिरतीची, त्या दोन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या बायकांनी आपापसात वार लावून घेतले, कोण डबा देणार, कोण थोरल्याला शाळेतून आणणार. मला विचारलं पण नाही, सांगितलं फक्त. ज्या काकू मी कुठे गेले ते सासूबाईंना सांगायच्या त्याच काकू रोज सकाळी नाचणीची पेज घेऊन यायच्या. हे दोन्ही एकाच स्वभावातून येतं असं मला आता वाटतं, एक हवं आणि दुसरं नको असं नाही जमत इथे.

मुलांचं म्हणाल तर माझा थोरला चौथीपासून सायकलवर शाळेत जातो. साडेपाचला घरी येतो, पण येऊन परत खेळायला जातो आणि अंधार पडल्यावर येतो. हे डोंबिवलीत कुठून आणलं असतं.

गाण्याची आवड असेल तर मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात रात्र-रात्र शास्त्रीय गाणं असतं, अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी तिथेच आहे. सतारमेकर गल्लीत लेकीला घेऊन जा एकदा, भोपळ्याची सतार होताना बघू देत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं.

परत_आलेला_८६

मी दुसरी बाजू सांगतो. तुमच्यासारखाच आयटीवाला, लॉकडाऊन नंतर २०२१ च्या डिसेंबरात गेलो, शंभर फुटी रोडच्या जवळ फ्लॅट भाड्याने घेतला, दोन वर्षं राहिलो आणि परत पुण्याला आलो. सांगली वाईट म्हणून नाही आलो, हे आधी लिहितो.

नेट चांगलं होतं, दोन कनेक्शन ठेवली होती, एक गेलं की दुसऱ्यावर. लाईट उन्हाळ्यात वळवाचा पाऊस झाला की जाते, इन्व्हर्टर पाहिजेच. खर्च पुण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, भाजी तर अशी ताजी की विचारू नका, पण मुलाची शाळा आणि क्लास ह्यात फार फरक पडला नाही. उन्हाळा कडक असतो, एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर पडवत नाही.

गडबड झाली ती नोकरीत. कंपनीने "लेखी" मलाही दिलं होतं. मॅनेजर बदलला आणि नवीन म्हणाला आठवड्यातून तीन दिवस या. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे हो. काही महिने मी रविवारी रात्री निघून गुरुवारी रात्री परत येत होतो, मित्राच्या हॉलमध्ये झोपत होतो. पेठ नाक्यापासून सांगलीचा रस्ता तेव्हा असा होता की हायवेला जे सुख मिळायचं ते त्या शेवटच्या तासात पार जायचं. रेल्वे बरी आहे, कोयना, महालक्ष्मी आहेत, आता वंदे भारत पण सांगलीला थांबते (रोजची नाही), पण ऑफिसच्या वेळेला धरून काही बसत नाही. मुलगा गुरुवारी रात्री जागा राहायचा माझ्यासाठी आणि शुक्रवारी शाळेत पेंगायचा, शेवटी शाळेतून चिठ्ठी आली. तेव्हा ठरवलं.

सांगलीत दुसरी नोकरी बघितली. कुपवाड आणि मिरज एमआयडीसी आहे, हळद आहे, बेदाणा आहे, बँका आहेत, दवाखाने, कॉलेज. वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनियर घडवतंय आणि ते सगळे इंजिनियर पुण्याला नाहीतर बंगलोरला. माझ्या कामाची तिथे एकही जागा माझ्या पगाराच्या जवळपास सापडली नाही. म्हणून सांगतो, पुण्यातला फ्लॅट विकू नका. भाड्याने द्या, तिकडे भाड्याने घ्या, दोन पावसाळे काढा मग ठरवा. मी विकला नव्हता म्हणून वाचलो.

सोडून येताना खालच्या मजल्यावरचे आजोबा मुलाला म्हणाले परत आलास की पोहायला शिकवायचं राहिलंय तुला. ते रोज पहाटे कृष्णेत पोहतात, ऐंशीच्या पुढचे आहेत. मुलगा अजून विचारतो कधी जायचं.

वाकडकर_सध्यातरी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. परत_आलेला दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण माझाही मॅनेजर पुढच्या वर्षी बदलणार आहे.

एक विचारायचं राहिलं. बायकोचे मामा शामरावनगरला एक दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्या म्हणून मागे लागलेत, भाव खरंच कमी आहे, म्हणतात लगेच बांधायला सुरुवात करा, भाड्यात पैसे कशाला घालवता. घरातलं माणूस आहे त्यामुळे नाही म्हणायचं कसं हाही प्रश्न आहे. कृष्णाकाठचा, तुमचं मत सांगाल का?

कृष्णाकाठचा

मामा वाईट सांगत नसतील, इथं प्रत्येकाला आपल्या पाहुण्यानं जवळ राहावं असं वाटतंय. पण थांबा.

शामरावनगर सखल आहे. तिथं नदीचा पूर नसला तरी नुसत्या पावसानं पाणी साचून राहतंय, निचराच होत नाही, काही गल्ल्यांत पावसाळ्यात मुलांना उचलून शाळेत न्यायला लागतंय. सगळा भाग तसा आहे असं नाही, पण मी म्हणतो प्लॉट बघायला आत्ता उन्हात जाऊ नका, जुलैमध्ये दोन दिवस पाऊस झाल्यावर जा आणि गाडी लांब लावून चालत जा.

दुसरं, आमची जमीन काळी. ऊस-हळदीला सोनं पण घराला बेकार. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, आणि घराच्या भिंती तडकतात. माझ्या मेहुण्यानं खर्च वाचवायला साधा पाया घातला, चौथ्या वर्षी स्वयंपाकघराचं दार लागायचं बंद झालं, फरशी मधनं उचलली. काळ्या रानात खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला लागतंय नाहीतर पाइल (खोलवर काँक्रीटचे खांब) घ्यायला लागतात, वर मुरमाची भर. स्वस्त प्लॉटमधले वाचलेले पैसे तिथं पुरायला लागतात.

तिसरं, गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकायचे. सांगलीत अशा पद्धतीनं पडलेले प्लॉट खूप आहेत. २००१ च्या कायद्यानं नियमित करायची सोय झाली पण प्रत्येक प्लॉट नियमित झालाच आहे असं नाही. नियमितीकरणाचा दाखला, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेचा बांधकाम परवाना, हे हातात बघितल्याशिवाय इसार देऊ नका, मामा असू देत नाहीतर कोण. बँकेचं कर्ज काढतोय म्हणून सांगा, बँकेचा वकील कागद मागतोय म्हणा, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडं येत नाही आणि कागदपण तपासून होतात.

पाण्याचं पण सांगून ठेवतो, शेरीनाल्याचा प्रश्न मी लहान असल्यापासून ऐकतोय, गावातलं सांडपाणी नदीत. घरात प्यायच्या पाण्याला फिल्टर बसवा, आम्ही सगळ्यांनीच बसवलाय.

हरिपूर_रस्ता

मी निवृत्त शिक्षिका, सांगलीत बदलीनं आले आणि इथेच राहिले. सगळं वाचलं. प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी आईचं लिहिलं, मुलीचं लिहिलं, स्वतःच्या नोकरीचं लिहिलं. तुमच्या मंडळी काय करतात, त्यांना काय वाटतं, हे कुठेच आलं नाही, मामांच्या प्लॉटपुरतं माहेर आलं. मी रागाने नाही विचारत. तासगाव इथून अर्ध्या-पाऊण तासावर, म्हणजे माहेर उंबऱ्याशी. त्याचं सुखही असतं आणि भारही असतो, प्रत्येक बारशाला, वास्तुशांतीला, तेराव्याला तिलाच जावं लागणार कारण आता ती "इथेच आहे". मी माझ्या शाळेत अशा दोन मुली पाहिल्या, पुण्याहून हौसेने आल्या, नोकरी सुटली, आणि वर्षभरात त्या फक्त कुणाची तरी मुलगी आणि कुणाची तरी सून उरल्या. एकीने नंतर घरात मुलांना जर्मन शिकवायला सुरुवात केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर परत रंग आला. तर आधी त्यांना विचारा.

शाळांबद्दल, मुलगी पाचवीत येणार म्हणजे वेळ योग्य आहे. सीबीएसईच्या शाळा शहराबाहेर निघाल्यात, बसचा प्रवास तिथेही आलाच. पण मराठी आणि सेमी इंग्रजीच्या जुन्या शाळा गावात आहेत, सायकलच्या अंतरावर, तिथल्या शिक्षकांना तीन पिढ्या माहीत असतात. इमारत बघून ठरवू नका, दुपारच्या सुट्टीत जाऊन मैदानावर मुलं खेळतायत का ते बघा.

आणि संध्याकाळचं कुणी सांगितलंच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते इथे, अजून भावे नाट्यमंदिरात प्रयोग लागला की पहिल्या रांगेत सत्तरीतली माणसं आणि मागे कॉलेजची मुलं असतात, तिकीट परवडतं आणि घरून निघाल्यापासून दहा मिनिटांत तुम्ही खुर्चीत असता. मी पुण्यात मुलाकडे महिनाभर राहते तेव्हा एकही नाटक होत नाही, जाण्यायेण्यातच जीव जातो. इथे मी संध्याकाळी हरिपूर रस्त्याने चिंचांच्या झाडांखालून संगमापर्यंत चालत जाते. मिस्टर गेल्यावर पहिल्या वर्षी रोज जायचे, एकटी, आणि वाटेत भेटणारी माणसं नुसती "आलासा का मॅडम" म्हणायची. तेवढं पुरायचं.

वाकडकर_सध्यातरी

मॅडम, तुमचं वाचून मोबाईल तिच्या हातात दिला. ती बराच वेळ वाचत बसली. ती सीए फर्ममध्ये आहे, आणि मी खरंच धरून चाललो होतो की तिला माहेरजवळ म्हणजे आनंदच असणार. ती म्हणाली आनंद आहे, पण सांगलीत एखाद्या फर्ममध्ये काम मिळतंय का ते आधी बघू दे, मिळालं तर येते, आणि मामांच्या प्लॉटला नाही मीच सांगते. एवढ्या वर्षांत आमचं असं सरळ बोलणं झालं नव्हतं ह्या विषयावर.

तर सध्या ठरलंय ते असं, वाकडचा फ्लॅट विकायचा नाही, विश्रामबाग किंवा वारणालीला भाड्याने बघायचं, आणि त्याआधी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चौघंही येऊन आठ दिवस राहायचं, हॉटेलात नाही, कुणाचं घर मिळालं तर.

कृष्णाकाठचा

जुलै शेवट म्हणजे बरोबर वेळेला येताय. वारणालीला माझ्या चुलतभावाचा वरचा मजला रिकामा असतोय, दोन खोल्या आणि गॅस आहे, आठ दिवसांचे पैसे तो घेणार नाही त्यामुळं तो विषय काढू नका, येताना पुण्याची बाकरवडी आणा त्याच्या पोरांना. आईंना जिना चढायला जमतंय का तेवढं मेसेजमध्ये कळवा, नाहीतर खालची खोली रिकामी करून ठेवायला सांगतो. आणि पोरीला आयर्विन पुलावर मी घेऊन जातो, फूट कसे वाचायचे ते दाखवायला.

परत_आलेला_८६

तारीख ठरली की मलाही कळवा. त्या आठवड्यात सुट्टी टाकून मुलाला घेऊन येतो, आजोबांकडे जायचं राहिलंय. पाणी जास्त असेल तर पोहायचं नाही होणार, पण भेटून तरी येईन.